डिटेक्टर काढला तरी पॅनेल ‘नॉर्मल’ का दाखवते? पंचवटीतील यात्री निवासाच्या वायरिंगविषयी

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवटीत आपले तीन मजली यात्री निवास आहे. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी सुरू होण्याआधी आपण तेथे चार झोनचे (झोन म्हणजे एकाच ओळीवरच्या डिटेक्टरांचा गट) साधे, म्हणजे कन्व्हेन्शनल प्रकारचे, फायर अलार्म पॅनेल बसवून घेतले. इलेक्ट्रिशियनने प्रत्येक मजल्यावर धूर देऊन हूटर वाजवून दाखवला. मात्र रंगकामासाठी दुसऱ्या मजल्यावरचे दोन डिटेक्टर उतरवले, तेव्हा पॅनेलवरचा हिरवा दिवा तसाच राहिला आणि फॉल्टचा, म्हणजे बिघाडाचा, पिवळा दिवा लागलाच नाही. असे चालते का, हा आपला पहिला प्रश्न. आणि पहिल्या मजल्यावरचा एक डिटेक्टर पहाटे विनाकारण वाजतो त्याचे काय करावे, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर स्पष्टच देतो: असे चालत नाही, आणि हे काम दुरुस्त झाल्याशिवाय त्या मजल्यावर विसंबू नये. धूर दिल्यावर हूटर वाजला, एवढ्यावरून वायरिंग बरोबर आहे असे सिद्ध होत नाही, कारण चुकीच्या वायरिंगवरसुद्धा त्या दिवशी हूटर वाजतोच. सहा महिन्यांनी एखादी तार सुटली, उंदराने कुरतडली किंवा कोणी डिटेक्टर काढून ठेवला, तर पॅनेलला ते कळते का, ही खरी परीक्षा आहे आणि आपल्याकडे ती न ठरवता होऊन गेली.

यामागची कार्यपद्धती समजून घेतली की दोष कोठे शोधायचा ते आपोआप लक्षात येईल. पॅनेल प्रत्येक झोनच्या दोन तारांवर साधारण २४ व्होल्टचा डीसी दाब ठेवते. त्या दोन तारांवर सगळे डिटेक्टर समांतर जोडलेले असतात आणि शांत असताना प्रत्येक जण मिलिअँपिअरच्या जेमतेम दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी करंट घेतो. ओळीच्या अगदी शेवटी एक रेझिस्टर (करंटला ठरावीक रोध करणारा छोटा भाग) असतो, त्याला आपण एंड ऑफ लाइन किंवा ईओएल म्हणतो. तो ४.७ किलोओमचा असेल, तर त्यातून सतत सुमारे ५ मिलिअँपिअर करंट वाहत राहतो, आणि हा करंट वाहतो आहे तोवर ओळ शेवटपर्यंत अखंड आहे असे पॅनेल समजते. डिटेक्टरला धूर लागला की तो काहीशे ओमच्या वाटेने ओळ जोडतो, करंट एकदम अनेक पटींनी वाढतो आणि पॅनेल आगीची सूचना देते. तार तुटली तर करंट जवळपास शून्यावर येतो आणि फॉल्ट दिसतो. एका झोनवर वीसच्या आसपासच डिटेक्टर ठेवावेत असे जे सांगितले जाते, त्याचे एक कारण हेच आहे: डिटेक्टरांचा स्वतःचा करंट बेरजेने फार वाढला, तर तुटलेली ओळ आणि अखंड ओळ यांतला फरक पॅनेलला ओळखता येत नाही.

आता आपल्याकडचा दोष. माझ्या अनुभवात याची दोनच कारणे वारंवार सापडतात, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच जागी असतात.

पहिले कारण म्हणजे ईओएल रेझिस्टर पॅनेलमध्येच राहून जाणे. पॅनेल कारखान्यातून येते तेव्हा प्रत्येक झोनच्या टर्मिनलवर एकेक रेझिस्टर लावलेला असतो, जेणेकरून न वापरलेले झोन फॉल्ट दाखवणार नाहीत. वापरात घेतलेल्या झोनचा रेझिस्टर तेथून काढून त्या ओळीच्या शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये, म्हणजे छतावर पक्क्या केलेल्या बैठकीत, लावायचा असतो. तो जागेवरच ठेवून शेजारी ओळीच्या तारा जोडल्या, तर पॅनेलला बाहेर काय घडते याचा पत्ताच लागत नाही. संपूर्ण मजल्याची केबल तोडली तरी हिरवा दिवा कायम राहील. याच चुकीचा आणखी एक फसवा प्रकार आहे. काही ठिकाणी रेझिस्टर शेवटीही लावतात आणि पॅनेलमधलाही काढत नाहीत. तेव्हा १० मिलिअँपिअर वाहतात, आणि बाहेरची तार तुटल्यावर उरलेले ५ मिलिअँपिअर पॅनेलला अगदी ठीक वाटतात.

दुसरे कारण टी-जोड. घराच्या दिव्यापंख्यांच्या वायरिंगची सवय असलेला कारागीर छतातल्या जंक्शन बॉक्समधून प्रत्येक खोलीकडे एक फांदी काढतो, कारण त्यात तार वाचते आणि दिव्यांच्या बाबतीत ते योग्यही असते. कन्व्हेन्शनल फायर अलार्ममध्ये मात्र अशी फांदी काढता येत नाही. फांदीवरचा डिटेक्टर धूर दिल्यावर वाजेल, पण फांदी तुटल्यावर मुख्य ओळीतला करंट तसाच राहील आणि ती खोली कोणाला न कळता संरक्षणाबाहेर जाईल. तार पॅनेलपासून पहिल्या बेसमध्ये, तेथून दुसऱ्यात, अशी एकामागून एक गेली पाहिजे, आणि शेवटच्या बेसमध्ये रेझिस्टरवर संपली पाहिजे. फुलांच्या माळेत दोरा जसा प्रत्येक फुलातून पुढे जातो, तशी.

बेसवर जोडणी करताना एक बारकावा आहे, आणि दुर्लक्ष बहुतेक तेथेच होते. कन्व्हेन्शनल डिटेक्टरच्या बेसमध्ये दोनपैकी एका ध्रुवासाठी येणारी तार एका टर्मिनलवर आणि पुढे जाणारी तार दुसऱ्या टर्मिनलवर लावायची असते; वरचा डिटेक्टर फिरवून बसवला की त्याच्या आतून ती दोन टर्मिनल जोडली जातात. म्हणजे डिटेक्टर काढला की ओळच तुटते आणि पॅनेल फॉल्ट दाखवते. कारागिराने येणारी व जाणारी तार एकत्र पिळून एकाच टर्मिनलखाली दाबली, तर ही सोय नाहीशी होते. प्लस आणि मायनस यांपैकी कोणता ध्रुव तोडायचा, हे प्रत्येक कंपनीच्या बेसप्रमाणे बदलते, म्हणून बेससोबतचा छोटा नकाशा पाहणे अटळ आहे. दुसऱ्या ध्रुवाच्या दोन्ही तारा एकाच टर्मिनलवर येतात, पण त्यासुद्धा कापून, स्वतंत्र टोके करून, पट्टीच्या दोन बाजूंना दाबाव्यात. न कापता सोललेल्या तारेचा फास स्क्रूभोवती दिला, तर स्क्रू ढिला होऊन त्या जागी संपर्क गेल्यावरही पुढची ओळ चालूच राहते आणि दोष लपतो.

या रचनेचा एक परिणाम आधीच सांगून ठेवतो, कारण तो नंतर अडचणीचा ठरतो. मधला डिटेक्टर काढला की त्याच्या पुढचे सगळे काही बंद पडते, आणि त्याच ओळीवर शेवटी जिन्याजवळचा काच फोडण्याचा मॅन्युअल कॉल पॉइंट असेल, तर तोही निकामी होतो. म्हणून कॉल पॉइंट झोनच्या सुरुवातीला, डिटेक्टरांच्या आधी घ्यावेत, किंवा झोन शिल्लक असेल तर सगळे कॉल पॉइंट स्वतंत्र झोनवर ठेवावेत. आपल्याकडे तीन मजल्यांना चार झोन आहेत, त्यामुळे चौथा झोन त्यासाठी वापरणे मला सर्वांत योग्य वाटते. कॉल पॉइंट जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर, बाहेर पडण्याच्या वाटेवर असावा. त्याच्या आत ४७० किंवा ६८० ओमचा रेझिस्टर आहे ना, हेही पाहावे. तो नसेल तर काच फोडल्यावर ओळ थेट शॉर्ट होते आणि अनेक पॅनेल तिला आग न समजता फॉल्ट समजतात.

तपासणी आपण स्वतः उभे राहून करून घ्यावी. आधी वीजपुरवठा आणि बॅटरी दोन्ही बंद करून पॅनेल उघडा आणि वापरातल्या झोनच्या टर्मिनलवर छोटा रेझिस्टर दिसतो का ते पाहा, ४.७ किलोओमचा असेल तर त्यावर पिवळा, जांभळा आणि लाल अशा रंगपट्ट्या असतात. मूल्य पॅनेलच्या पुस्तिकेत दिलेलेच हवे, बाजारात मिळाला म्हणून वेगळा लावू नये. रेझिस्टर योग्य जागी नेल्यावर पॅनेल चालू करा आणि मग एकेक डिटेक्टर, खोलीमागून खोली, फिरवून काढा. प्रत्येक वेळी त्या मजल्याचा फॉल्ट दिसलाच पाहिजे. ज्या खोलीत तो दिसणार नाही, तेथे टी-जोड आहे किंवा तारा एकत्र पिळलेल्या आहेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकही खोली वगळू नका. नेमकी वगळलेली खोलीच फांदीवर असू शकते. ओळीचे इन्सुलेशन मेगरने, म्हणजे जास्त दाब देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने, तपासायचे असल्यास सगळे डिटेक्टर उतरवून आणि पॅनेलकडची टोके सोडवूनच तपासावे, नाहीतर ५०० व्होल्टने आतले इलेक्ट्रॉनिक भाग जातात. पंचवटीतल्या जुन्या, गोदावरीकाठच्या भिंतींत पावसाळ्यात ओल येते, म्हणून ही मोजणी एकदा ऑगस्टमध्ये करणे उपयोगाचे ठरते. केबल १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, आग सहज न पसरवणारी असावी आणि दिव्यांच्या वायरिंगच्या पाइपातून नेऊ नये.

आता पहाटे वाजणाऱ्या डिटेक्टरविषयी. आपला डिटेक्टर ऑप्टिकल प्रकारचा असणार. त्याच्या काळ्या कप्प्यात प्रकाशाची बारीक किरणे सोडलेली असतात, आणि धुराचे कण आत आल्यावर विखुरलेला प्रकाश तो टिपणाऱ्या सेन्सरवर पडतो. वाफेचे थेंब आणि धूळ हेही प्रकाश तसाच विखुरतात. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गीझरच्या कढत पाण्याने स्नान करून न्हाणीघराचे दार उघडले, की वाफेचा लोट थेट छताशी जातो. यात्रेकरू पहाटे रामकुंडावर जाण्याआधी खोलीतच स्नान आणि धूप-अगरबत्ती उरकतात, त्याचीही भर पडते. तो डिटेक्टर न्हाणीघराच्या दाराजवळ असेल तर खोलीच्या दुसऱ्या बाजूला हलवा. भिंतीपासून किमान अर्धा मीटर आणि एसीच्या झोतापासून किमान एक मीटर अंतर ठेवा. पंख्याच्या पात्यांच्या अगदी जवळही नको. रंगकामाच्या वेळी घासकामाची धूळ आत गेली असण्याचीही दाट शक्यता आहे. काम संपेपर्यंत डिटेक्टर उतरवून ठेवावेत किंवा सोबत मिळणारे प्लास्टिकचे टोपण लावावे आणि शेवटी ते आठवणीने काढावे. वारंवार वाजतो म्हणून डिटेक्टरवर पिशवी बांधून ठेवलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत, आणि तेथे राहणाऱ्या कुटुंबाला याची कल्पनाही नसते. कृपया आपल्याकडे असे होऊ देऊ नका. स्वयंपाकघरात मात्र धुराचा डिटेक्टर नकोच, तेथे उष्णतेवर चालणारा बसवावा.

अंतराचा नियम असा आहे की सपाट छताखाली कोणताही बिंदू धुराच्या डिटेक्टरपासून ७.५ मीटरपेक्षा आणि उष्णतेच्या डिटेक्टरपासून ५.३ मीटरपेक्षा दूर नसावा. आपल्या खोल्या लहान असल्याने प्रत्येक खोलीत एक पुरतो, पण प्रत्येक खोलीत हवाच. पॅसेजमधला डिटेक्टर बंद दारामागची खोली सांभाळत नाही. जुन्या वाड्याचा भाग वापरात असेल तर तुळया मोजा: छताच्या उंचीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त खाली आलेली तुळई भिंतीसारखीच धरायची आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र डिटेक्टर द्यायचा. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर तेथेही डिटेक्टर लागतो.

कन्व्हेन्शनल पॅनेल फक्त मजला सांगते, खोली सांगत नाही. रात्री दोन वाजता बारा बंद दारांपैकी कोणते उघडायचे, हे व्यवस्थापकाला बाहेरून कळावे म्हणून प्रत्येक खोलीच्या दारावर रिस्पॉन्स इंडिकेटरचा, म्हणजे आतला डिटेक्टर वाजला की पेटणारा, लाल दिवा अवश्य बसवा. याचा खर्च अगदी थोडा आहे, आणि लॉजसाठी मी तो टाळता न येणारा मानतो.

हूटरच्या ओळीवरही शेवटी रेझिस्टर असतो आणि ती ओळ पॅनेल शांत वेळी उलट्या ध्रुवाने तपासत असते, म्हणून तेथे प्लस-मायनसची अदलाबदल अजिबात चालत नाही. झोपलेल्या माणसाच्या उशाशी, दार बंद असताना, ७५ डेसिबल आवाज पोहोचला पाहिजे. बंद दार सुमारे २० डेसिबल अडवते, हे लक्षात घेतल्यास पॅसेजमधला एकच हूटर टोकाच्या खोल्यांना पुरत नाही हे दिसून येईल.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. शांत वेळी पॅनेलचा एकूण करंट ०.१२ अँपिअर असेल, तर २४ तासांचे २.८८ अँपिअर-तास होतात. अलार्मच्या वेळी ०.९ अँपिअर धरल्यास अर्ध्या तासाचे ०.४५, बेरीज ३.३३, आणि बॅटरी जुनी होत जाते म्हणून सव्वापट केल्यास सुमारे ४.२. अर्थात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये पुरतात. पॅनेलला स्वतंत्र एमसीबी द्या आणि त्यावर ‘बंद करू नये’ असे लिहा. गर्दी नसलेल्या दिवसांत मुख्य स्विच पाडून कुलूप लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तसे केल्यास दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरते आणि पुढे तिची क्षमता कायमची कमी होते.

शेवटी कागदपत्रांविषयी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार हे काम परवानाधारक संस्थेकडूनच करून घ्यायचे असते, आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत अग्निशमन विभागाला सादर करायचे असते. आपल्या इलेक्ट्रिशियनकडे परवाना नसेल, तर दुरुस्ती परवानाधारकाकडून करून घ्यावी आणि वर सांगितलेली, एकेक डिटेक्टर काढून पाहण्याची चाचणी प्रत्येक खोलीच्या क्रमांकासह लेखी मागावी.

पॅनेल उघडल्यावर झोन टर्मिनलचे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या बेसचे छायाचित्र येथे टाकावे. तारा कशा दाबल्या आहेत ते पाहून कोठून उकलायला सुरुवात करावी हे सांगता येईल.