अल्सरच्या गोळ्या थांबवून ज्येष्ठमध-हळद चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू, गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेत होते. एन्डोस्कोपीत अल्सर (पोटातली जखम) आणि एच. पायलोरी हा जंतू, दोन्ही निघाले. आता गोळ्या सोडून ज्येष्ठमध-हळद द्यायची आहे. कृपा करून गोळ्या सोडू नका.

पुण्यात अल्सर म्हटलं की बोट मिसळीकडे जातं. तिखटाने जळजळ वाढते, पण जखमेची मुख्य कारणं दोनच: हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना जंतूच्या शोधासाठी २००५ साली नोबेल मिळालं. वडिलांना दोन्ही कारणं लागू आहेत, म्हणून डायक्लोफिनॅकला पर्याय डॉक्टरांकडून आधी घ्या. अँटिबायोटिकचा कोर्स बहुतेक वेळा १४ दिवसांचा असतो. बरं वाटलं म्हणून सातव्या दिवशी सोडला तर उरलेला जंतू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. जंतू गेला का हे पाहायला कोर्सनंतर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची तपासणी करा. त्याआधी २ आठवडे पॅन्टोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ते बंद करायचं मात्र डॉक्टरांना विचारूनच.

हळद, आलं, धणे यांचे प्रयोग बरेचसे उंदरांवरचे आहेत. आधी अर्क पाजायचा, मग अल्कोहोल किंवा अ‍ॅस्पिरिन देऊन जखमा मोजायच्या. म्हणजे तो बचाव झाला. झालेली जखम भरणं वेगळं. आमटीतली हळद, धणे-जिरे, कढीपत्ता खुशाल चालू ठेवा. कच्च्या आल्याने जळजळ होत असेल तर कमी करा. आंबट ढेकर येत असतील तर पुदिना टाळा, त्याने अन्ननलिकेची झडप सैल पडते.

खरी काळजी ज्येष्ठमधाची. काडी चावल्यावर जी गोडी लागते, त्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. पायमोज्याचा वळ घोट्यावर खोल उमटू लागतो. दिवसाची मर्यादा साधारण १०० मिलिग्रॅम मानतात. ५ ग्रॅम भुकटीत ती सहज ओलांडली जाते. हा घटक काढलेलं ज्येष्ठमध मिळतं, पण काष्ठौषधींच्या दुकानातली भुकटी ती नव्हे. वडिलांना रोज देऊ नका.

थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग आम्ल पुन्हा वाढतं.

शौच डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली किंवा उलटीत रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर सकाळची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते.