गाडी सुरू होत नाही, पण बॅटरी तर चांगली आहे

प्रश्न : आमची गिअरची पेट्रोल कार सकाळी किल्ली फिरवल्यावर कित्येकदा गप्प राहते, दिवे आणि हॉर्न मात्र जोरात चालतात. ढकलल्यावर ती लगेच सुरू होते. गॅरेजवाले बॅटरी बदलायला सांगतात. बदलावी का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कृपया घाई करू नका. ढकलल्यावर इंजिन सुरू होते, याचा अर्थ इंधन आणि ठिणगी ठीक आहे. दोष बहुधा किल्लीपासून स्टार्टरपर्यंतच्या (इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरपर्यंतच्या) वाटेत आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब मल्टिमीटरवर (वीज मोजायच्या यंत्रावर) १२.६ व्होल्टच्या आसपास असेल आणि तिची टोके स्वच्छ व घट्ट असतील, तर माझा पहिला संशय क्लच पेडलच्या वर बसवलेल्या छोट्या स्विचवर जाईल. अनेक गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय हा स्विच स्टार्टरकडे वीज जाऊ देत नाही. आतले संपर्क झिजले किंवा पेडलवरचा रबरी ठोकळा तुटून पडला, की पाय दाबूनही गाडीला ते कळत नाही.

किल्ली काढून स्विचचा प्लग सोडवावा आणि स्विचच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा. बहुतेक गाड्यांत पेडल दाबल्यावर जोडणी दिसायला हवी. तुमच्या मॉडेलची रचना पुस्तिकेत पाहावी. जोडणी मधूनच तुटत असेल, तर स्विच बदलावा.

स्विच वगळून तारा थेट जोडून देण्याचा उपाय कोणी सुचवला, तरी तो कृपया स्वीकारू नका; गिअरमध्ये उभी असलेली गाडी किल्ली फिरवताच पुढे झेपावते आणि समोर लहान मूलही असू शकते.