एकाच स्पीकर-जोडीवर दोन पॉवर अ‍ॅम्प्लिफायर सुरक्षितपणे आलटून पालटून कसे ऐकावेत?

किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर कानाला हमखास सरस वाटतो, त्यामुळे आधी १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजावेत आणि एकाचे २.०० व्होल्ट असतील तर दुसऱ्याचे १.९८ ते २.०२ च्या दरम्यान आणावेत (स्वस्त मीटर १,००० हर्ट्झवर भरवशाचे नसतात). तारा बदलण्यापूर्वी दोन्ही यंत्रे बंद करून काही मिनिटे थांबावे. दोन अ‍ॅम्प्लिफायरची आउटपुटे कधीही एकमेकांना जोडली जाऊ नयेत. ब्रिज्ड (दोन चॅनेल जोडून एक केलेल्या) व अनेक क्लास-डी (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचिंगवर चालणाऱ्या) यंत्रांत उणे टर्मिनल ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या सामाईक बिंदूला, जोडलेले नसते, म्हणून नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याचा स्विच आणलाच, तर तो अधिक व उणे या दोन्ही तारांची जोडणी तोडणारा असावा. नागपूरच्या मे महिन्यातील उकाड्यात बंद शोकेसमध्ये तुलना करणे मात्र टाळावे.