वाचक विचारतात: पीएसपीवर व्हिडिओ नीट चालवायचा तर

कपाटातला जुना पीएसपी (सोनीचं हातात धरून खेळायचं गेम यंत्र) पुन्हा बाहेर काढणारे बरेच दिसतात, कारण या महिन्यात त्यावर व्हिडिओ पाहण्याबद्दलच जास्त प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. संगणकावरच्या कामासाठी हँडब्रेक हे व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारं मोफत सॉफ्टवेअर धरलं आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं.

प्रश्न: पीएसपी ३००० आहे. एमपी४ फाइल मेमरी स्टिकवर टाकली, यादीत नाव दिसतं, पण 'अनसपोर्टेड डेटा' असं येतं. हीच फाइल मोबाइलवर व्यवस्थित चालते. बिटरेट कमी करून पाहिला, फरक नाही. (एक वाचक, सातारा)

बिटरेटला, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणाऱ्या डेटाला, दोष देऊ नका. एमपी४ हे फक्त फाइलचं आडनाव आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबलंय, चौकट किती बाय किती आहे आणि आवाज कोणत्या प्रकारचा आहे, हे पीएसपी आधी तपासतो आणि एक गोष्ट जरी चौकटीबाहेर गेली तरी अख्खी फाइल नाकारतो. मोबाइल असल्या बाबतीत फार उदार असतो, म्हणून तिथे चालली यावरून काहीच ठरत नाही.

पीएसपीचा पडदा ४८० × २७२ पिक्सेलचा. दोन्ही आकड्यांना १६ नं पूर्ण भाग जातो (३० आणि १७ वेळा) आणि एच.२६४ ही व्हिडिओ दाबण्याची पद्धत चित्र १६ × १६ च्या चौकोनांतच दाबते. आता १९२० × १०८० ची फाइल हँडब्रेकमध्ये ४८० रुंदीवर आणली की सॉफ्टवेअर गुणोत्तर सांभाळून उंची २७० करतं, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. उंची २७० नको, बरोबर २७२ हवी. डायमेन्शन्स या टॅबमध्ये अ‍ॅनामॉर्फिक 'नन' करा, मग बॉर्डर्समध्ये 'कस्टम' निवडून वर एक आणि खाली एक ओळ काळी घाला. खालची अंतिम चौकट ४८० × २७२ दाखवतेय याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर (चित्र दाबणारा भाग) 'एच.२६४ (एक्स२६४)' हाच निवडा. त्याचा दहा-बिटचा भाऊ यादीत शेजारीच असतो, तो नको. ग्राफिक्स कार्डावर चालणारे वेगवान एन्कोडरही टाळा, कारण पुढच्या बारीकसारीक सूचना त्यांना देता येत नाहीत, आणि एवढ्याशा चौकटीचं काम साधा प्रोसेसरसुद्धा झटपट उरकतो. प्रोफाइल 'मेन', लेव्हल '३.०'. फ्रेमरेट मूळ फाइलचाच, पण 'कॉन्स्टंट'. मूळ ५० किंवा ६० फ्रेमचं असेल तर निम्म्यावर आणा. बिटरेट ७६८ केबीपीएस, दोन फेऱ्यांत. ट्यूनच्या शेजारी 'फास्ट डीकोड' नावाची चौकट दिसते. जुनं यंत्र म्हणून तिथे टिक करायचा मोह होतो, पण त्यानं चौकोनांच्या कडा गुळगुळीत करणारं डीब्लॉकिंग बंद पडतं आणि कमी बिटरेटवर चेहऱ्यांवर ठोकळे दिसू लागतात. पीएसपीत व्हिडिओ उलगडायला मीडिया इंजिन नावाचा वेगळा प्रोसेसर आहे. त्याला ही सवलत लागत नाही.

त्याच टॅबच्या तळाशी जादा सूचनांची एक मोकळी ओळ असते. तिथे चार गोष्टी लिहायच्या: रेफ ३, बीफ्रेम्स २, बी-पिरॅमिड नन, वेटपी ०. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, नाव आणि किंमत यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह, दोन सूचनांमध्ये अपूर्णविराम, आणि कुठेही जागा सोडायची नाही. वेटपीमधलं पहिलं पद 'वजन' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं पूर्ण स्पेलिंग आहे, शेवटी पी. बी-पिरॅमिड आणि वेटपी ही नंतरच्या काळातल्या यंत्रांना सोयीची तंत्रं. जुन्या चिपला ती जड जातात आणि चित्र फाटतं किंवा फाइलच नाकारली जाते.

आवाज: एएसी, साधा एलसी प्रकार (एचई नव्हे), स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्‌झ, १२८ केबीपीएस. ट्रॅक एकच ठेवा. चॅप्टर मार्करची खूण काढून टाका, त्यानं फाइलीत एक जादाचा मजकुराचा ट्रॅक शिरतो. हँडब्रेकनं फाइलला एम४व्ही असं शेपूट लावलं असेल तर ते बदलून एमपी४ करा.

प्रश्न: फाइल नियमाप्रमाणे केली आहे, तरी पीएसपी 'देअर आर नो टायटल्स' म्हणतो. (पणजी आणि नांदेडहून)

म्हणजे फाइल त्याला सापडतच नाहीये. मेमरी स्टिकच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या आत नव्हे, व्ही-आय-डी-ई-ओ अशा इंग्रजी मोठ्या अक्षरांचं फोल्डर हवं. बरेच जण ते पीएसपी नावाच्या फोल्डरच्या आत तयार करतात आणि मग शोधत बसतात. ही सोय फर्मवेअर (पीएसपीतलं मूळ सॉफ्टवेअर) २.८० पासूनची. त्याआधीच्या यंत्रात एमपी_रूट (मध्ये अधोरेखा) फोल्डरच्या आत '१००एएनव्ही०१' फोल्डर करून फाइलला 'एमएक्यू०००१' नव्हे तर पाच आकडी 'एमएक्यू००००१' असंच नाव द्यावं लागतं. शून्यं मोजून टाका.

इथे आणखी एक मेख आहे. स्टिकवरून पूर्ण ४८० × २७२ मध्ये एच.२६४ चालवायची मुभा फर्मवेअर ३.३० पासून मिळाली. तोवर मर्यादा ७६,८०० पिक्सेलची होती, म्हणून त्या काळच्या मार्गदर्शकांत ३६८ × २०८ हा आकडा सापडतो. तो वाचून अजूनही लोक ३६८ चे व्हिडिओ करतात आणि चित्र धूसर आल्याची तक्रार करतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून आवृत्ती पाहा. सोनीनं काढलेली शेवटची आवृत्ती ६.६१.

मॅकवरून फाइल टाकणाऱ्यांना प्रत्येक व्हिडिओशेजारी त्याच नावाची एक बिघडलेली फाइल दिसते. ती मॅकनं स्वतःहून ठेवलेली असते. तिचं नाव टिंब आणि अधोरेखेनं सुरू होतं आणि मॅकवर ती लपलेली राहते. पीएसपीवरूनच त्रिकोणाचं बटण दाबून ती डिलीट करा. खऱ्या व्हिडिओला काही होत नाही.

प्रश्न: लग्नाची जुनी व्हिडिओ सीडी आणि नंतर काढलेली डीव्हीडी आहे. आजीला पीएसपीवर दाखवायची आहे. माणसं हलली की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात आणि सगळे जाड दिसतात. (एक वाचक, इचलकरंजी)

दोन वेगळे दोष आहेत. रेघा डीव्हीडीच्या: आपल्याकडची पाल पद्धतीची डीव्हीडी ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि कॅमेऱ्यानं प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत टिपलेली. सम ओळी एका क्षणाच्या, विषम ओळी पुढच्या क्षणाच्या. नवरी मान वळवते तेव्हा दोन्ही अर्धे जुळत नाहीत आणि बांगड्यांच्या कडेला दाते दिसतात. चौकट लहान करण्याआधीच ते मिटवायला हवेत, नंतर केलं तर रेघांचा चिखल होतो. हँडब्रेकच्या फिल्टर्स टॅबमध्ये डीइंटरलेस 'याडिफ' निवडा, बाकी क्रम ते स्वतः सांभाळतं. फ्रेमरेट २५ च राहू द्या. २९.९७ केलात तर दर सेकंदाला काही फ्रेम दोनदा दाखवल्या जातात आणि कॅमेरा मांडवभर फिरताना चित्र हिसके देतं.

जाड दिसण्याचं कारण चौकटीचं गुणोत्तर. जुन्या टीव्हीचं चित्र ४:३, पडदा जवळजवळ १६:९. २७२ उंचीला ४:३ ची रुंदी ३६२ येते, म्हणून चित्र ३६२ × २७२ ठेवा आणि डाव्या-उजव्या बाजूला ५९-५९ पिक्सेल काळे. चित्र ताणू नका. पीएसपीवर पाहताना त्रिकोण दाबल्यावर येणाऱ्या पट्टीत स्क्रीन मोड असतो. तो 'फुल स्क्रीन'वर असेल तर तुम्ही नीट केलेली फाइलसुद्धा चुकीची दिसू शकते. 'नॉर्मल' ठेवा.

व्हिडिओ सीडीची गोष्ट उलट सोपी. तिचं चित्र ३५२ × २८८, म्हणजे पीएसपीच्या ३६२ × २७२ ला जवळजवळ जसंच्या तसं बसतं. टीव्हीवर फुटकं वाटणारं चित्र इथे चक्क नेटकं दिसतं. सीडीतल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल संगणकावर कॉपी करा आणि शेपूट बदलून एमपीजी करा. बहुतेक वेळा ती तशीच उघडते. कॉपी अर्ध्यात अडली तर सीडीवर ओरखडा आहे. मऊ कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल गोल नव्हे, आणि शक्य तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा.

प्रश्न: सबटायटल मराठीत हवेत. एसआरटी फाइल शेजारी ठेवली तर पीएसपी दुर्लक्ष करतो. चित्रात छापले तर जोडाक्षरं वाचता येत नाहीत. (पुण्याहून)

पीएसपी वेगळी सबटायटल फाइल वाचत नाही, तेव्हा 'बर्न इन' करून चित्रातच छापण्याला पर्याय नाही. अडचण आकाराची आहे. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-रुकार लागतात, त्यामुळे रोमन लिपीला पुरणारा आकार आपल्याला पुरत नाही. २७२ ओळींच्या पडद्यावर बारीक अक्षरातला 'ष्ट्र' म्हणजे नुसता डाग.

एसआरटी थेट दिलीत तर अक्षराचा आकार हातात राहत नाही. म्हणून सबटायटल एडिट किंवा एजिसबमध्ये ती उघडून एएसएस या, अक्षराचा आकार-फाँट ठरवू देणाऱ्या प्रकारात सेव्ह करा. स्क्रिप्टच्या गुणधर्मांत रिझोल्यूशन ४८० × २७२ लिहा, फाँट नोटो सॅन्स देवनागरी, जाड वळणाचा, आकार २२ च्या आसपास, काळी कडा २ ची. सावली शून्य, ती अक्षरांच्या पोकळ्या भरून टाकते. एका ओळीत पंचवीस-तीस अक्षरांपेक्षा जास्त मजकूर नको, लांब वाक्य दोन ओळींत तोडा. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली नाही तर अक्षरांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. सिनेमा २.३५:१ चा असेल तर चित्र ४८० × २०४ बसतं आणि खाली ३४ ओळींची काळी पट्टी उरते. एका ओळीचा संवाद त्या पट्टीत बसवला तर वाचायला सगळ्यात बरा.

आधी पूर्ण सिनेमा करू नका. हँडब्रेकमध्ये रेंज देऊन दोन मिनिटांचा गप्पांचा प्रसंग काढा, पीएसपी हातभर अंतरावर धरून वाचा, मग पूर्ण कामाला लावा.

प्रश्न: आवाज फारच हळू येतो. (तिघांचा प्रश्न)

आधी पीएसपीच्या साउंड सेटिंग्जमध्ये एव्हीएलएस बंद आहे का पाहा. चालू असेल तर आवाज ठरावीक पातळीपुढे जात नाही. ते बंद असूनही संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील तर मूळ आवाज ५.१ चा आहे. सहा वाहिन्या दोनांत ओतताना मधल्या वाहिनीतले संवाद दबतात. हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमध्ये मिक्सडाउन 'स्टिरिओ' आणि गेन ४ ते ६ डेसिबल. त्यापुढे ढोल-ताशे फाटू लागतात.

प्रश्न: ८ जीबीच्या स्टिकवर किती सिनेमे मावतील? आणि ७२० × ४८० मध्ये केले तर चित्र जास्त चांगलं दिसेल का? (कोल्हापूरहून)

हिशोब सोपा: व्हिडिओ ७६८ अधिक आवाज १२८, एकूण ८९६ केबीपीएस. आठानं भागा, सेकंदाला ११२ केबी. अडीच तासांचा सिनेमा साधारण १ जीबी, म्हणजे आरामात सात. कार्टून आणि मुलाखती ५०० केबीपीएसवरही भागतात, क्रिकेटला ७६८ हवेच, नाहीतर हिरवळ मेणासारखी दिसते.

७२० × ४८० चा हातातल्या पडद्यावर शून्य फायदा. अडीचपटीहून जास्त पिक्सेल दाबायचे आणि यंत्रानं ते पुन्हा ४८० × २७२ वर आणायचे. पीएसपी २००० किंवा ३००० केबलनं टीव्हीला जोडणार असाल तरच तो आकार घ्या आणि बिटरेट दुप्पट करा.

मोठं कार्ड हवं म्हणून मायक्रोएसडीचं अ‍ॅडॉप्टर घेणाऱ्यांसाठी: ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतं आणि पीएसपी ते वाचत नाही. कार्ड पीएसपीत घालून सिस्टिम सेटिंग्जमधून फॉरमॅट करा, म्हणजे फॅट३२ होतं आणि हवी ती फोल्डरंही तयार होतात. स्वस्तात मिळालेल्या मेमरी स्टिकवर शेवटचे सिनेमे अर्ध्यात गोठत असतील तर कन्व्हर्जन पुन्हा करण्याआधी स्टिक तपासा. लिहिलेली क्षमता आणि खरी क्षमता वेगळी असलेला नकली माल बाजारात भरपूर आहे. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे छोटं सॉफ्टवेअर स्टिक काठोकाठ भरून परत वाचतं आणि खरा आकडा सांगतं. आधीचा डेटा मात्र काढून ठेवा.

प्रश्न: मोबाइलवर उभे काढलेले व्हिडिओ? (मुंबईहून)

उभेच ठेवले तर चित्र १५३ पिक्सेल रुंद उरतं, त्यात चेहरा ओळखणं कठीण. डायमेन्शन्समध्ये रोटेशन ९० अंश द्या आणि पीएसपी आडवा नव्हे, उभा धरून पाहा. मोबाइलचा फ्रेमरेट सतत बदलता असतो, म्हणून इथे 'कॉन्स्टंट' विसरलात तर दहा मिनिटांनी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. एचडीआरमध्ये काढलेला व्हिडिओ फिकट, धुतल्यासारखा येतो. फिल्टर्समधल्या कलरस्पेसमध्ये बीटी.७०९ निवडा.