होर्टाला चार दिवस पुरतील का?

बर्म्युडाहून शिडाच्या बोटीने दोघंच निघताय, वाटेत अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांपैकी फायाल बेटावरच्या होर्टा बंदरात चार दिवसांचा मुक्काम पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. निदान दहा दिवस हाताशी ठेवा, आणि जमलं तर निघायची तारीख ठरवूच नका.

आम्ही नवरा-बायको १९ दिवसांनी तिथे पोचलो. सुमारे १८०० सागरी मैल, दर तीन तासांनी पहारा बदलायचा. एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. एकाच बोटीवर राहूनही निवांत समोरासमोर बसणं दिवसातून तासभर झालं तर झालं. समुद्रावर हे जाणवत नाही. होर्टाला दोर बांधल्यावर दोघं एकाच वेळी आडवे झालो, तेव्हा जाणवलं. तरी मी तीन तासांनी दचकून उठत होते, हा डोळे मिटूनच "माझी पाळी का?" विचारत होता. सलग झोप लागली ती चौथ्या रात्री. तुमचे चार दिवस त्यातच गेले असते.

कागदपत्रांचं काम सोपं आहे. आधी स्वागताच्या धक्क्याला लागायचं, मरीना आणि कस्टम्सची कचेरी तिथेच आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा मात्र निघण्यापूर्वीच काढून ठेवा, कारण बेट पोर्तुगालचं आहे.

मे-जूनमध्ये गर्दी असते, त्यामुळे बोटी एकमेकींना खेटून बांधतात. आमच्या आणि धक्क्याच्या मध्ये तीन बोटी होत्या. दुसऱ्याच्या बोटीवरून जाताना पुढच्या बाजूने जायचं, मागे जिथे माणसं बसलेली असतात तिथून नाही. सुरुवातीला संकोच वाटतो, पण आमच्या सगळ्या ओळखी अशा ये-जा करतानाच झाल्या. शेजारच्या वयस्कर जोडप्याने आमचं फाटलं शीड बघून न विचारताच सुई-दोरा आणला आणि दुपारभर आमच्याबरोबर बसून शिवलं.

चित्राचं मात्र आधीपासून मनावर घ्या. मरीनाच्या भिंतीवर आणि पायाखालच्या काँक्रीटवर जगभरच्या बोटींनी आपापली चित्रं काढलीत. चित्र न काढता निघालेल्या बोटीवर संकट येतं, अशी खलाशांची समजूत आहे. आम्हाला जागा शोधण्यातच एक सकाळ लागली. ताजं चित्र झाकायचं नाही, पार विटलेलं असेल तरच त्यावर रंगवायचं. तारेच्या ब्रशने घासायचं, प्रायमर मारायचा, सुकू द्यायचं, मग रंग. आम्ही बोटीचं नाव देवनागरीत लिहिलं. मी गुडघ्यावर बसून शिरोरेघ ओढत होते, तर दोन मुलं थांबून विचारायला लागली की ही अक्षरं दोरीवर वाळत का घातलीत! एरवी पाऊस मध्ये येतोच, म्हणून या कामाला तीन दिवस धरा.

पीटर कॅफे स्पोर्टमध्ये जालच. ते १९१८ पासून आहे, आणि पिढ्यान्पिढ्या खलाशांची पत्रं सांभाळत आलंय. वरच्या मजल्यावर स्पर्म व्हेलच्या दातांवरच्या कोरीवकामाचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका.

एक दिवस बेटाच्या पश्चिम टोकाला, कापेलिन्योशला द्या. १९५७-५८ मध्ये तिथे समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि बेटाला नवी जमीन जोडली गेली. जुना दीपस्तंभ अजून राखेत अर्धा गाडलेला उभा आहे. घरं-शेतं गेल्यावर कितीतरी कुटुंबं कायमची अमेरिकेला गेली. ते वाचून आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

बाकी वेळ काहीच करू नका. समोर खाडीपलीकडे २३५१ मीटरचा पिको डोंगर उभा असतो. कधी सगळा झाकलेला, कधी नुसती ढगांची टोपी. आम्ही रोज सकाळी चहा घेऊन बोटीवर त्याच्याकडे बघत बसायचो. एवढंच करायला बोट घेतली होती, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

निघायचं ते हवामान बघून. लिस्बन अजून ९०० हून जास्त सागरी मैल लांब असतं आणि अझोर्सचा जास्त दाबाचा पट्टा डोक्यावर बसला की वारा पडतो. आम्ही दोनदा ठरवून दोनदा थांबलो, शेवटी चौदाव्या दिवशी दोर सोडले. शेजारच्या बोटीवरचे दोघं ते सोडायला पहाटे पाचला उठले होते.