घोडा बदलला, पण पकडायचा कसा?

प्रश्न: मला १९३५ च्या सुमाराची डिटेक्टिव्ह कादंबरी लिहायचीय. आमच्या सोलापूरच्या मिलमधला एक कारकून थंडीत पुण्याला रेसला जातो आणि जिंकलेला घोडा भलताच आहे असा त्याला डाऊट येतो. तेव्हा डीएनए टेस्ट नाही, मायक्रोचिप नाही, मग सिद्ध कसं करायचं?
एक वाचक, सोलापूर

उत्तर: आधी ती थंडी काढा बघू. पुण्याचा सीझन पावसाळ्यात, थंडीत रेस सगळ्या मुंबईला महालक्ष्मीला. तुमच्या कारकुनाला श्रावणात गाडीत बसवा, उलट फायदाच आहे, कारण घोड्याच्या पायावरचा पांढरा पट्टा रंगवून लपवला असेल तर पावसात काय होईल ते तुम्हीच लिहा.

आता पुराव्याचं. १८४४ साली इंग्लंडात एप्समच्या डर्बीत हेच झालंय. ती रेस फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची, जिंकला रनिंग रेन, आणि तो निघाला मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा! वर्षाने मोठा म्हणजे अंगात ताकद जास्त, सरळ हिशोब आहे. दुसऱ्या नंबरच्या ऑर्लँडोचे मालक कर्नल पील अडून बसले, मॅटर कोर्टात गेलं, जज म्हणाले घोडा आणा, आणि घोडाच गायब. शेवटी डर्बी ऑर्लँडोला मिळाली.

जजना बघायचे होते दात. घोड्याचे पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात, मधली जोडी अडीच वर्षांच्या आसपास, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. म्हणजे तीन वर्षांच्या घोड्याला वर दोन आणि खाली दोनच पक्के दात, मोठे, पिवळसर, बाकीचे बारीक पांढरे. चार वर्षांच्याला वर चार, खाली चार. ओठ वर केला की दिसतं, भिंग वगैरे काही लागत नाही.

फक्त हे कारकुनाला शोधायला लावू नका प्लीज, त्याला पागेत कोण घेणार? रोज चारा घालणारा मोतद्दार हवा, त्याला सगळं माहीत असतं आणि त्याला कोणी विचारत नाही, माझ्या मते तुमचा खरा हिरो तोच. आणि हो, कारकुनाने पैसे कुठल्या घोड्यावर लावले होते ते लिहिलंच नाही तुम्ही, त्याच घोड्यावर लावून जिंकला असेल तर तो कशाला तक्रार करतोय?