पहिला घाव घरात, दुसरा भिंतीवर

तुमच्यासारखी पत्रं मला वारंवार येतात आणि प्रश्न बहुधा एकाच शब्दांत असतो: 'माझ्या घरात शिरलेल्या चोराला मारण्याचा मला हक्क नाही का?' तुमचं पत्र मात्र नीट वाचलं की त्यातला खरा प्रश्न वेगळा निघतो, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही.

तुम्ही सांगितलेली हकीकत अशी. मध्यरात्रीनंतर स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज वाकवून एक तरुण घरात शिरला. आवाजाने तुम्हाला जाग आली. दाराचा लोखंडी अडसर उचलून तुम्ही त्याच्या डोक्यात एक घाव घातलात. तुमचा मोबाइल आणि पाकीट खिशात घालून तो मागच्या दाराने अंगणात पळाला. तुम्ही मागे धावलात आणि तो कुंपणाची भिंत चढत असताना दुसरा घाव घातलात. तो खाली पडला आणि पहाटे रुग्णालयात मेला. रुग्णालयात आणि पोलिसांना तुम्ही आधी 'भिंतीवरून पडला' असं सांगितलंत. खरं काय ते दुसऱ्या दिवशी सांगितलंत. पोलीस येण्याआधी स्वयंपाकघरातली फरशी धुऊन काढलीत. आता खुनाचं दोषारोपपत्र दाखल झालंय, खटला सत्र न्यायालयाकडे सोपवला गेलाय आणि तुम्ही जामिनावर बाहेर आहात.

तो चोरीसाठीच आला होता, घरात बायकामुलं झोपली होती, अंधार होता, तुम्ही घाबरला होतात. यावर कुणी वाद घालणार नाही, म्हणून मीही शब्द खर्च करत नाही. गज वाकवून आत येणं ही भारतीय न्याय संहितेच्या (म्हणजे गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम ३३० प्रमाणे घरफोडीच आहे, आणि ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झाली. कलम ४१ मध्ये मालमत्तेच्या संरक्षणासाठी थेट जीव घेण्यापर्यंत हक्क जातो अशा मोजक्याच परिस्थिती आहेत, आणि रात्रीची घरफोडी त्यांतली एक. (तो उघड्या दारातून सरळ चालत आला असता तर घरफोडी सिद्ध करणं कठीण गेलं असतं आणि तुम्हाला जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची भीती होती हे दाखवावं लागलं असतं. हा फरक लोकांना ठाऊकच नसतो.) तेव्हा स्वयंपाकघरात घातलेला पहिला घाव कायद्याच्या कवचात बसतो असं मला वाटतं. कलम ३७ ची अट, म्हणजे गरजेपेक्षा जास्त इजा नको, इथेही लागू आहे. पण अंधारात अडसर उचलणाऱ्या माणसाने किती जोराने मारावं हे कोर्ट सोनाराच्या काट्यावर तोलत नाही. १९५२ सालच्या अमजद खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. तिथे जमाव दुकानाच्या दारावर लाठ्या मारत असताना आतल्या माणसाने गोळ्या झाडल्या होत्या आणि तो निर्दोष सुटला.

तुमचा खटला अडतो तो दुसऱ्या घावावर. तो कलम ४३ मधल्या एका वाक्यावर तरेल किंवा बुडेल. हा हक्क कधी सुरू होतो आणि कधी संपतो ते या कलमात दिलंय. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क त्या घरफोडीने सुरू झालेलं गृह-अतिक्रमण चालू असेपर्यंतच टिकतो. चोर मागच्या दारातून बाहेर पडला त्या क्षणी घरातलं अतिक्रमण संपलं. अंगणही घराचाच भाग आहे असा युक्तिवाद तुमचे वकील करतील, करावाच. पण कायद्यातली व्याख्या राहत्या इमारतीची आहे आणि उघडं अंगण तीत ओढून बसवणं सोपं नाही. त्याच्यावर मी तुमचा खटला उभा करणार नाही.

तुम्ही लिहिता, 'माझा मोबाइल त्याच्या खिशात होता, म्हणजे चोरी चालूच होती.' हे बरोबर आहे. कलम ४३ म्हणतं की चोर माल घेऊन निसटून जाईपर्यंत, सरकारी यंत्रणेची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत चोरीविरुद्धचा हक्क जिवंत असतो. म्हणजे भिंतीपाशीही तुमचा हक्क होता. पण तो किती मोठा होता हे कलम ४२ सांगतं: साध्या चोरीत मृत्यू सोडून इतर इजा करण्यापुरताच. त्याला पाय धरून खाली ओढता आलं असतं, पोटरीवर मारता आलं असतं, आरडाओरडा करून शेजाऱ्यांना बोलावता आलं असतं. भिंतीकडे तोंड करून चढणाऱ्या माणसाच्या डोक्यात अडसर घालण्याचा हक्क त्या मोबाइलने तुम्हाला दिला नव्हता.

आता जी गोष्ट तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेली, तीच माझ्या मते या खटल्याचा प्राण आहे. तुम्ही लिहिलंय की भिंतीपाशी त्याने 'एकदा मागे वळून हात उगारला, त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हरसारखं काहीतरी होतं'. हे खरं असेल आणि सिद्ध करता आलं, तर चित्र बदलतं. चोरीचा माल घेऊन जाताना, तो घेऊन जाता यावा म्हणूनच चोराने इजा केली, करण्याचा प्रयत्न केला किंवा तत्काळ इजेची भीती घातली, तर ती जबरी चोरी होते, आणि जबरी चोरी कलम ४१ च्या यादीत आहे. शिवाय स्वतःच्या शरीराच्या संरक्षणाचा हक्क, कलम ३८ चा, वेगळा उभा राहतो. पण 'त्याच हेतूसाठी' ही अट सरकारी वकील विसरणार नाहीत. केवळ पकडलं जाऊ नये म्हणून हात उगारला असेल तर ती जबरी चोरी होत नाही, असं ते म्हणतील. तेव्हा शरीराच्या संरक्षणाचा मुद्दा तुमच्या वकिलांनी पुढे ठेवावा आणि जबरी चोरीचा त्याच्या मागे.

आणि इथेच मला तुमच्यावर रागवावंसं वाटतं. तो स्क्रूड्रायव्हर पंचनाम्यात नाही, तो कुठे पडला हे तुम्ही पाहिलं नाही. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यात ती भिंत दिसते हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण ते तुम्ही कुणालाही सांगितलं नाही. का, तर 'आपण मारलंय ते दिसेल'. घरगुती कॅमेऱ्यांचं चित्रण साठवण भरली की आपोआप पुसलं जातं. तुमच्या बाजूने बोलू शकणारा एकच निःपक्षपाती साक्षीदार तुम्ही स्वतः गमावला असण्याची शक्यता आहे. आणि फरशी! तिच्यावरच्या रक्ताने पहिला घाव घरातच बसला हे आपोआप सिद्ध झालं असतं. मुलांना रक्त दिसू नये म्हणून धुतली, हे मला समजतं. पण पुरावा नाहीसा करण्याचा गुन्हा, संहितेचं कलम २३८, याच कृतीवरून तुमच्यावर लागू शकतो आणि कोर्टाला तुमचं कारण पटेलच याची हमी मी देऊ शकत नाही.

'पडला' हे तुमचं वाक्यही अडचणीचं आहे. पोलिसांसमोरची गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम २३ ने ती दारं बंद केली आहेत. पण 'पडला' ही कबुली नव्हे. शिवाय ते वाक्य रुग्णालयाच्या केसपेपरवर तुमच्या नावाने लिहिलं गेलं असेल, तर डॉक्टर म्हणजे काही पोलीस नव्हेत. त्याला किती वजन मिळेल हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. एवढं नक्की, की तुमचे वकील आता जे सुचवतायत, 'तो पडूनच मेला असंच धरून राहू', त्याला माझा ठाम विरोध आहे. ज्या माणसाने स्वसंरक्षण केलं त्याने 'मी मारलंच नाही' म्हणायचं, हा बचाव स्वतःच्याच पायांखालची जमीन काढून घेतो. मुनशी राम खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की आरोपीने स्वसंरक्षण उघडपणे मांडलं नसलं तरी पुराव्यातून ते दिसत असेल तर कोर्ट विचारात घेऊ शकतं. ती अखेरची सोय आहे, तिच्यावर विसंबून खटला चालवू नका. स्वसंरक्षणाची भूमिका पहिल्या साक्षीदाराच्या उलटतपासणीपासून मांडा आणि शेवटी कोर्ट तुमचं म्हणणं विचारेल तेव्हाही तीच ठेवा. सिद्ध करण्याचा भार साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तुमच्यावर आहे, पण तो सरकार पक्षाइतका जड नाही. तुमची हकीकत संभवनीय वाटली तरी पुरतं.

यासाठी सर्वांत आधी शवविच्छेदन अहवालाची नक्कल हातात घ्या. डोक्यावर जखमा किती, कुठे, आणि मृत्यूला कारण कोणती, हे त्यात असेल. जीवघेणी जखम पहिल्या घावाची निघाली तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते. ती मागच्या बाजूची, दुसऱ्या घावाची निघाली तर संपूर्ण सुटका कठीण आहे, पण खुनाचा आरोप टिकेलच असंही नाही. न्याय संहितेच्या कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादात म्हटलंय की स्वसंरक्षणाचा हक्क सद्भावनेने बजावताना, पूर्वतयारी नसताना आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून राहत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. सदोष मनुष्यवधाला, कलम १०५ प्रमाणे, हेतू असेल तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, आणि जीव जाऊ शकतो याची फक्त जाणीव असेल तर १० वर्षांपर्यंत. तुमच्या बाबतीत लढाई प्रामुख्याने या दोन कलमांमधल्या अंतराची होईल असं मला दिसतं. कोर्ट नेमकं कुठे थांबेल, हे आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'चोराच्या जिवाची एवढी काय किंमत, साहेब?' हे वाक्य कोर्टात उच्चारू नका, आणि मनातूनही काढून टाका. चेरुबिन ग्रेगरी नावाच्या माणसाने बिहारमध्ये आपल्या संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर उघडी वीजवाहक तार लावली, कारण शेजारची बाई आपल्या संडासाची भिंत पडल्यावर त्याचा संडास वापरायची. ती तारेला लागून मेली. ती माझ्या जागेत विनापरवाना शिरली होती, असा त्याचा बचाव होता. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली आणि सांगितलं की विनापरवाना शिरला म्हणून माणूस कायद्याच्या बाहेर फेकला जात नाही. रात्री घर फोडणाऱ्याच्या बाबतीत कायदा घरमालकाला एवढा मोठा हक्क देतो, त्यामागे चोराचा जीव स्वस्त असल्याचं गृहीतक नाही. अंधारात समोरचा एकटा आहे की टोळीतला, रिकाम्या हाताचा आहे की हत्यारबंद, हे कळायला घरातल्या माणसाकडे वाव नसतो, म्हणून चुकण्याचा धोका कायदा त्या शिरणाऱ्यावर टाकतो. तो पाठ फिरवून भिंत चढू लागला की ही अनिश्चितता संपते आणि तिच्याबरोबर तो हक्कही संपतो. २०१० च्या दर्शन सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क प्रतिबंधासाठी आहे, सूड घेण्यासाठी नाही, हे पुन्हा बजावलं. तुमच्या पत्रात त्या मुलाचं वय 'विशीतलं' असं आलंय. त्याच्या मृत्यूचा विचार करून तुम्हाला झोप लागत नाही असंही आलंय. ही दोन वाक्यं खरी असतील, तर त्या तिसऱ्या वाक्यापेक्षा तीच तुमच्याविषयी जास्त खरं सांगतात.

आता वेळेचं. खटला सत्र न्यायालयाकडे सोपवल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत डिस्चार्जचा, म्हणजे आरोप ठेवण्याआधीच मुक्त करण्याचा, अर्ज करता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम २५० मध्ये ही मुदत आहे. स्वसंरक्षण हा पुराव्याचा विषय असल्याने तुम्हाला संपूर्ण डिस्चार्ज मिळेल असं मला वाटत नाही. पण आरोप ठेवायचा तो खुनाचा की सदोष मनुष्यवधाचा, हा मुद्दा याच टप्प्यावर गांभीर्याने मांडता येतो. तुम्ही 'वकील म्हणाले घाई नको' असं लिहिलंय. आपली कोर्टं पुढच्या तारखा देण्यात इतकी सढळ आहेत की मुदत असलेल्या गोष्टीही लोक तारखांसारख्याच समजू लागलेत. ही तशी नाही. खटला सोपवल्याची तारीख आज पाहा. त्याच अर्जाबरोबर किंवा वेगळा अर्ज करून शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्याचं यंत्र आणि साठवण हजर करण्याचा आदेश याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागा. चित्रण पुसलं गेलं असलं तरी ते यंत्र न्यायवैद्यक तपासणीला जावं असा आग्रह धरा. त्यात तुमच्या विरोधात काही दिसेल ही भीती आता सोडा. त्याने हात उगारला होता हे फक्त तिथेच दिसू शकतं.

मृताच्या आईकडे जाऊन पैसे देऊन मिटवावं का, असं तुमच्या पत्नीने विचारलंय. वहिनींना सांगा, खून किंवा सदोष मनुष्यवध या गुन्ह्यांत दोन्ही पक्षांनी आपसात तडजोड करून खटला मिटवण्याची सोय कायद्यात नाही. ती बाई सरकार पक्षाची साक्षीदार असू शकते, आणि साक्षीदारावर दबाव आणला एवढ्या आरोपावरून तुमचा जामीन रद्द होऊ शकतो. तिच्यासाठी काही करायचं मनात असेल तर ते वकिलांमार्फत कोर्टाच्या नजरेसमोर करा, खटल्याचा निकाल लागल्यानंतर.